स्वादुपिंडाची वाढ : उंदराच्या पिल्लापासून उधव्याच्या बाळापर्यंत

वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या आणि देणगीदारांची यादी यांच्या जोडीला एक अभ्यासलेख असावा, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. हा लेख आजवर डॉक्टर मंडळींनी लिहिला. या वर्षी तो प्रशासन विभागाच्या वाट्याला आला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य खतावणी आणि ताळेबंद यांत गेले. त्यामुळे उंदराच्या पोटातील एका अवयवाविषयी आम्ही लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांनी हा मजकूर वाचून दिला आहे. भाषेतील हिशेबीपणा मात्र आमचा आहे.

निमित्त एका रुग्णाचे झाले. वीटभट्टीचा हंगाम संपवून पाड्यावर परतलेला पंचविशीतील तरुण, अंगाने अगदी काटकुळा. पायाची जखम भरत नव्हती आणि थकवा जात नव्हता. त्याची थुंकी तपासली, छातीचे चित्र काढले, हिमोग्लोबिन पाहिले. साखर मात्र पाहिली गेली ती तिसऱ्या खेपेस, आणि ती फार वाढलेली निघाली. उशीर का झाला याचा शोध घेता दोष आमच्याच टेबलाशी आला. नोंदणीच्या वेळी भरावयाच्या अर्जात साखरेच्या तपासणीची खूण तिशीपुढील अथवा स्थूल व्यक्तींसाठीच करावी, अशी सूचना होती. तो अर्ज आम्ही स्वतः तयार केला होता. शासनाच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीतही वयाची अट ३० वर्षांची असल्याने तो करताना शंका अशी आलीच नव्हती.

मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी माणसाचा रोग, ही समजूत आमच्याही मनात पक्की होती. अंगावर मांस नाही अशा मुलाला तो कसा झाला, हे आम्ही डॉक्टरांना विचारले. उत्तरादाखल त्यांनी रोगाविषयी काही न सांगता उंदरांवरील एका प्रयोगाची हकिकत सांगितली. तिच्या मागे लागून आम्ही जे वाचले व समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

स्वादुपिंड हा जठराच्या मागे आडवा पडलेला अवयव. माणसात तो एकसंध पानासारखा असतो. उंदरात आतड्यांच्या पडद्यात जाळीसारखा पसरलेला असतो. त्याची कामे दोन. फार मोठा भाग पाचकरस तयार करून आतड्यात सोडतो. या भागात अधूनमधून पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली त्यांचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांस लँगरहॅन्सची द्वीपके म्हणतात. संपूर्ण अवयवाच्या वजनात त्यांचा वाटा शेकडा एक ते दोन. परंतु इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी याच द्वीपकांत असतात, आणि रक्तातील साखरेचा सारा कारभार त्यांच्यावर चालतो. शंभर रुपयांच्या व्यवहारात दोन रुपयांची चिल्लर, आणि दुकान चालते ते त्या चिल्लरीवर.

या पेशी किती असतात, कोठून येतात आणि कमी पडल्यास भरून निघतात काय, हे जिवंत माणसात मोजण्याची सोय नाही. म्हणून शास्त्रज्ञ उंदराकडे वळले. उंदरीण सुमारे वीस दिवसांत विते. पिल्लू जन्मतः एक-दीड ग्रॅमचे, उघडे, डोळे मिटलेले असते. तीन आठवड्यांत ते आईचे दूध सोडून दाणे खाऊ लागते आणि सहा-आठ आठवड्यांत वयात येते. माणसाच्या बाबतीत ज्यासाठी पंधरा-वीस वर्षे थांबावे लागेल, ते येथे दोन महिन्यांत दिसते.

गर्भाच्या साधारण साडेनवव्या दिवशी उंदराच्या आतड्याच्या नळीवर स्वादुपिंडाचा अंकुर उमटतो. त्या अंकुरात काही पूर्वपेशी असतात आणि पुढचे सर्व स्वादुपिंड त्यांच्यापासून घडते. डॉक्टरांनी सांगितलेला प्रयोग याच अंकुराविषयीचा. बेन स्टँगर, डग्लस मेल्टन आणि सहकारी यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. त्यांनी गर्भावस्थेत, अगदी आरंभीच्या काळात, या पूर्वपेशींपैकी काही नष्ट केल्या आणि पुढे काय होते ते पाहिले. यकृताच्या बाबतीतही त्यांनी तसेच केले. यकृताने तूट भरून काढली; पिल्लू जन्मले तेव्हा यकृत जवळपास योग्य आकाराचे होते. स्वादुपिंडाने तूट भरली नाही. जितक्या पूर्वपेशी कमी, तितके ते लहान. आणि जन्मानंतर भरपूर खायला मिळूनही ते लहानच राहिले.

आमच्या शब्दांत सांगायचे तर यकृत हे चालू खाते आहे. आज काढले, उद्या भरले. स्वादुपिंड ही मुदत ठेव असून ती ठेवण्याची मुदत जन्माच्या कितीतरी आधी संपते. पुढे व्याज मिळते, मात्र ते मूळ रकमेवरच.

हे व्याज म्हणजे जन्मानंतरची वाढ, आणि तिचे महत्त्व मुळीच कमी नाही. पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांत बीटा पेशी मोठ्या वेगाने दुभंगून वाढतात. ही वाढ सरळ रेषेत होत नाही. रॅट जातीच्या मोठ्या उंदरांत दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बऱ्याच बीटा पेशी आपोआप मरतात आणि पेशींची नव्याने मांडणी होते, असे दिसून आले आहे. त्यानंतर वेग मंदावत जातो. वयात आलेल्या उंदरात तो अल्प असतो आणि म्हातारपणी नाममात्र.

नव्या पेशी नेमक्या कोठून येतात, याविषयी पुष्कळ काळ वाद होता. स्वादुपिंडात कोठेतरी राखीव मूळपेशींचा साठा असावा आणि गरजेप्रमाणे तो बीटा पेशी पुरवीत असावा, अशी अनेकांची आशा होती. २००४ साली हार्वर्ड विद्यापीठात युवल डोर, मेल्टन आणि सहकारी यांनी हा वाद बराचसा मिटवला. त्यांनी प्रौढ उंदरांच्या काही बीटा पेशींवर अशी खूण केली की ती त्यांच्या वंशजांतही उतरावी. एखाद्या पाड्याच्या यादीत जुन्या घरांपैकी काहींच्या नावापुढे शाईचा ठिपका द्यावा आणि त्या घरांत जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढेही तो द्यावा, तसे हे झाले. काही वर्षांनी लोकसंख्या वाढली. ठिपक्यांचे प्रमाण घटले तर बाहेरगावचे लोक येऊन राहिले, आणि प्रमाण तेवढेच राहिले तर वाढ गावातल्या गावातच झाली. उंदरांत ते प्रमाण तेवढेच राहिले. स्वादुपिंडाचा बराचसा भाग कापून काढल्यावर झालेल्या भरपाईतही तसेच आढळले. म्हणजे नव्या बीटा पेशी प्रामुख्याने जुन्या बीटा पेशींच्याच लेकी. बीटा पेशी जवळजवळ समूळ नष्ट झाल्या असता शेजारच्या अल्फा पेशींपैकी काही त्यांचे काम उचलतात, असे जिनिव्हा येथील संशोधकांनी २०१० साली दाखविले, परंतु तो आपत्काळातील अपवाद. नेहमीच्या आयुष्यात बाहेरून भरती नाही.

पेशी संख्येने वाढल्या म्हणजे कामास तयार झाल्या, असेही नव्हे. नवजात पिल्लाच्या बीटा पेशी साखरेची चाहूल नीट घेत नाहीत. आईचे दूध स्निग्ध असते, त्यामुळे तोवर त्यांच्यावर फारसा भारही नसतो. तिसऱ्या आठवड्यात दूध तुटून पिष्टमय दाणे सुरू होतात तेव्हा या पेशी प्रौढ होतात. साखर वाढताच इन्शुलिन सोडणे आणि मागणी वाढल्यास संख्येने वाढणे, ही दोन्ही कसबे त्यांना तेव्हा येतात. दूध तुटणे हीच या बदलाची चालना असल्याचे २०१५ साली डोर यांच्याच गटाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले. पिल्लांना लवकर दाण्यांवर आणले तर पेशी लवकर तयार झाल्या. हा निष्कर्ष उंदराचा आहे. बाळाचे अंगावरचे दूध लवकर तोडावे असा अर्थ कोणी त्यातून काढू नये. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, या सल्ल्यात काडीचाही बदल नाही.

येथवर संख्येचा विचार झाला. पूर्वपेशी कोणी प्रयोगशाळेत मारल्या म्हणून स्वादुपिंड लहान राहिले, हे खरे. पण आमच्या पाड्यांवर तसे कोण करते? याचे उत्तर रॅटवरील जुन्या प्रयोगांत आहे. बेल्जियममधील लूव्हाँ येथे होए आणि रेमाकल यांच्या गटाने १९९० साली एक साधी तुलना प्रसिद्ध केली. गाभण माद्यांच्या एका गटाला शेकडा २० प्रथिने असलेला आहार दिला, दुसऱ्या गटाला शेकडा ८. पोटभर अन्न दोहोंना होते. उणे होते ते प्रथिनांचे. दुसऱ्या गटाची पिल्ले जन्मली तेव्हा त्यांची द्वीपके लहान होती, त्यांत रक्तवाहिन्या विरळ होत्या आणि बीटा पेशींच्या वाढीचा वेग कमी होता. पुढे त्याच गटाने असेही पाहिले की, जन्मानंतर अशा पिल्लांना चांगला आहार दिला तरी प्रौढपणी साखर दिल्यावर त्यांचे इन्शुलिन कमीच पडते. उपाशीपोटी तपासले तर त्यांची साखर ठीक दिसे. उणीव उघडी पडे ती भार आल्यावर.

हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे रॅट नव्हते. नुसत्या भातावर, नागलीच्या भाकरीवर आणि आंबिलीवर आवणीचे दिवस काढणारी, पोटुशी असूनही चिखलात वाकून उभी असलेली बाई होती. तिचेही पोट भरलेले असते. डाळ मात्र पातळ असते आणि मासळी असेल त्या दिवशी.

तथापि उंदीर हा माणूस नव्हे, हे वारंवार स्वतःस बजावले पाहिजे. त्याच्या बीटा पेशी मोठेपणीही काही प्रमाणात वाढतात. माणसात ही क्षमता लवकर मावळते. मृत्यूनंतर मिळालेल्या स्वादुपिंडांच्या तपासणीवरून असे दिसते की, माणसात बीटा पेशी दुभंगण्याचा वेग आयुष्याच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वाधिक असतो आणि बालपण सरेपर्यंत फारच कमी होतो. म्हणजे उंदराने दाखवलेली अडचण आपल्या बाबतीत सौम्य नाही. झालीच तर अधिक कडक आहे.

माणसांतील पुरावा शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक पाहणी सुरू केली. स्त्रिया गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांची वजने-मापे घेतली, गरोदरपणात त्या काय खातात व किती कष्ट करतात ते नोंदले, आणि जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत केला. हिशेबाच्या धंद्यात असल्याने आम्हांस या चिकाटीचे फार कौतुक वाटते. दहा वर्षांचे दप्तर सलग सापडणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, ते आम्ही जाणतो.

या खेड्यांतील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. परंतु ही बाळे सर्व अंगांनी सारखी लहान नव्हती. त्यांचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखली गेली होती. दिसायला कृश, आतून मेदयुक्त, असे हे बाळ. मोठेपणीही हा ठसा कसा टिकतो, याचे एक गमतीदार उदाहरण डॉ. याज्ञिक यांनी इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्या संगतीने २००४ साली दिले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांची शेकडा २१.२.

या पाहणीतील मुले १८ वर्षांची झाली तेव्हाचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि आमच्या अर्जातील चूक आम्हांला तेथे सापडली. शेकडा ३७ मुलग्यांत आणि शेकडा १८ मुलींत रक्तातील साखर प्रमाणाबाहेर होती. बहुतेकांत मधुमेहाची पूर्वावस्था, काहींत मधुमेह. त्याच वेळी यांतील जवळजवळ निम्मी मुले वजनाने कमी होती. ज्यांची साखर १८ व्या वर्षी वाढलेली होती, त्यांची उपाशीपोटीची साखर ६ व्या व १२ व्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती आणि बीटा पेशींची कामगिरी उणी होती. जन्माच्या वेळी त्यांची लांबीही कमी भरली होती. तिशीची अट घालून यांपैकी एकही मूल आमच्या खिडकीवर सापडले नसते.

एक सावधगिरी येथे नोंदविणे उचित होईल. लहान स्वादुपिंड हेच एकमेव कारण, असा सिद्धांत आम्ही मांडीत नाही. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकारी यांनी पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढवलेल्या रॅटचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. त्या प्राण्यांत इन्शुलिन कमी नव्हते. उलट वाढलेले होते आणि शरीर त्यास दाद देत नव्हते. त्यांच्यात जीवनसत्त्व बी-१२ कमी होते, आणि दोन पिढ्या पुरेसा आहार देऊनही दोष निघाला नाही. कुपोषणाच्या वाटा एकाहून अधिक आहेत. कोणाचे भांडवल कमी, कोणाचा खर्च जास्त, आणि काहींच्या नशिबी दोन्ही.

ज्यांचे भांडवलच कमी, अशा कृश तरुण मधुमेहींची ओळख वैद्यकशास्त्राला तशी जुनी आहे. १९५५ साली जमेकातून त्यांचे वर्णन झाले. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणजन्य मधुमेह हा वेगळा प्रकार मानला आणि १९९९ साली पुरेशा पुराव्याअभावी तो यादीतून वगळला. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अशा रुग्णांची बारकाईने तपासणी झाली. त्यांचे शरीर इन्शुलिनला दाद देते, पण मुळात इन्शुलिनच अपुरे स्रवते, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या आजारास पाचव्या प्रकारचा मधुमेह म्हणून मान्यता दिली. आमच्या त्या तरुण रुग्णास हाच प्रकार आहे काय, हे ठरविण्याची साधने आपल्याकडे नाहीत. त्याचे जन्मवजन विचारले असता त्याची आई हसली. घरी, सुईणीच्या हाती, पावसाळ्यात झालेला मुलगा. वजन कोण करणार?

आता उधव्याच्या व्यवहाराकडे येतो, कारण अखेर हा संस्थेचा अहवाल आहे. तलासरी आणि डहाणू तालुक्यांतील पाड्यांवर गरोदर स्त्रीसाठी काहीच होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अंगणवाड्या आहेत, आशा कार्यकर्त्या आहेत. २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण, गरम जेवण देण्याची तरतूद झाली. ती शेवटच्या तिमाहीत सुरू होते. बाळाचे वजन प्रामुख्याने त्याच काळात वाढते, म्हणून हा निर्णय योग्यच आहे. परंतु स्वादुपिंडाचा अंकुर माणसाच्या गर्भात गर्भधारणेनंतर चौथ्या-पाचव्या आठवड्यात उमटतो. त्या वेळी कित्येकदा त्या स्त्रीला स्वतःलाही आपण गरोदर असल्याचे ठाऊक नसते. दिवाळीनंतर भट्टीवर गेलेली बाई पावसाच्या तोंडाशी परतते आणि आमच्याकडे नाव नोंदविते, तेव्हा चौथा-पाचवा महिना असतो. उंदरावरील प्रयोगाचा धागा खरा मानला तर ठेवीची रक्कम त्याआधीच ठरून गेलेली असते.

म्हणून यंदाच्या अंदाजपत्रकात आम्ही विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला आहे, आणि त्यावर मतभेद आहेत हेही लपवीत नाही. माता-आहार निधीतील काही भाग लग्नाआधीच्या, आश्रमशाळांत शिकणाऱ्या मुलींच्या डाळ, अंडी आणि रक्तक्षयाच्या तपासणीकडे वळवावा, असा तो प्रस्ताव आहे. एका ज्येष्ठ विश्वस्तांचा आक्षेप असा की, आज दारात उभ्या असलेल्या गरोदर बाईच्या ताटातून काढून उद्याच्या बाळासाठी ठेवणे हे धर्मादाय संस्थेस शोभत नाही. या आक्षेपास आमच्याजवळ पुरते उत्तर नाही. एकाचे काढून दुसऱ्यास देण्यापेक्षा नवा निधी उभा करणे उत्तम; तो उभा राहीपर्यंत काय करावे, हा प्रश्न मंडळापुढे आहे.

बिनखर्चाच्या दोन गोष्टी आम्ही आमच्या अधिकारात करून टाकल्या. नोंदणीच्या अर्जातील वयाची व स्थूलतेची अट काढली. न भरणारी जखम, वारंवार लघवी, कारण नसता घटणारे वजन किंवा क्षयाचा संशय, यांपैकी काहीही असल्यास वय व बांधा न पाहता साखर तपासली जाते. दुसरे असे की, प्रसूतिकक्षातील प्रत्येक बाळाचे वजन आणि लांबी आता आईच्या कार्डावर लिहिली जाते आणि आमच्या एका जाड, कापडी बांधणीच्या वहीतही चढते. कार्डे भट्टीवरून परत येत नाहीत, हा आमचा अनुभव. वही कपाटात राहील. आज तीत नोंदलेले मूल अठरा वर्षांनी पायाची जखम घेऊन खिडकीशी आले, तर त्याच्या आईला हसावे लागणार नाही. त्या वेळी आम्ही या खुर्चीवर नसू. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर ती कशासाठी ठेवली आहे, ते लिहून ठेवले आहे.